तीन मैलांतले ढेकूण

१

विलोलॅम्प इनच्या एकशे एक नंबरच्या खोलीत ढेकूण सापडले. गादीच्या शिवणीत काही, उशाकडच्या फळीमागे बरेच. आणि सापडले ते नेमके कंपनीच्या तपासनीसाला, ज्याच्या एका शेऱ्यावर मोटेलवाल्यांची झोप अवलंबून असते.

ढेकणांनी माणूस मरत नाही. मोटेल मरतं.

त्याचं असं आहे. मोटेल कपिलाबेन भक्तांचं. जमीन त्यांची, कर्ज त्यांचं, फुटलेला नळ त्यांचा. पण दारावरची पाटी कंपनीची. ती भाड्याने घ्यायची. त्या बदल्यात कंपनी कबूल करते की तुमच्या चारी बाजूंना तीन मैलांत याच नावाचं दुसरं हॉटेल आम्ही उघडू देणार नाही. मोटेलवाला जगतो तो या तीन मैलांवर. पण करारात एक पाचर मारलेली असते: वर्षात दोनदा तपासणीत नापास झालात की तीन मैल गेले. कपिलाबेन वसंतात एकदा नापास झाल्या होत्या, जुने टॉवेल आणि ठिबकणारा एसी यांच्यापायी. ढेकूण ही दुसरी खेप.

आणि महामार्गाच्या पलीकडे जमीन साफ करून कोणीतरी तयारच बसलं होतं. चार मजली विलोलॅम्प, कोऱ्या गाद्या, पोहायचा तलाव. अर्जदार कोण, ते कंपनी सांगत नव्हती. महामार्गावरून उतरलेल्या माणसाला एकाच नावाच्या दोन पाट्या दिसल्या तर तो नव्या इमारतीत जाईल. मीही जाईन.

सुटकेची वाट एकच होती. ढेकूण कोणीतरी मुद्दाम आणून सोडले असं दाखवता आलं, तर शेरा रद्द होतो. ते दाखवायला मालकांच्या संघटनेने मला पाठवलं. मी टिपणीस. विमा कंपनीच्या नोकरीत जन्म गेला, जळलेली आणि बुडालेली मोटेलं बघण्यात. निम्मं आयुष्य अलाबामात आणि त्यातलं बरंचसं या भक्त-पटेलांच्या स्वयंपाकघरांत चहा पिण्यात गेलं. संघटनेच्या रमणभाईंचा फोन आला तेव्हा मी गरम पाण्यात पाय सोडून बसलो होतो.

"टिपणीसकाका, मिलर्स फोर्डला जाऊन या. बाई एकटी आहे."

"मी निवृत्त झालोय हो."

"मोटेलवाल्यांना तो शब्द कळत नाही. येताना थेपले देईल ती, बघा."

गेलो. कपिलाबेन सत्तरीच्या, साडीवर पुरुषी स्वेटर, डोळ्यांखाली काळं. ऑफिसच्या मागे त्यांचं दोन खोल्यांचं घर. मी दारात बूट काढले तशा त्या वाकल्या आणि माझे बूट फिरवून टाचा भिंतीकडे, टोकं बाहेरच्या बाजूला, असे नीट जोडून ठेवले.

"अहो राहू द्या, बेन!"

"निघताना माणसाला उलटं फिरायला लागू नये," त्या म्हणाल्या. हे मी त्यांच्याकडे आजवर शंभरदा ऐकलं असेल. कोणाचेही बूट दिसले की त्यांचे हात आपोआप खाली जातात.

चहा समोर आला. गवती चहा, आलं, पुदिना. मी विचारलं, "कोणावर संशय?"

"कोणावर नाही. आले असतील कोणाच्या तरी बॅगेतून."

"एकशे एक तर तुम्ही भाड्याने देतच नव्हता."

त्यांच्या बशीतला चहा निवला तरी उचलेनात. मग एकदम म्हणाल्या, "प्रग्नेशने नाही केलं. तेवढं मात्र लिहून घ्या."

मी अजून त्यांच्या भाच्याचं, प्रग्नेशचं, नावही काढलं नव्हतं.

२

एकशे एकचं गुपित गावात सगळ्या मोटेलवाल्यांना ठाऊक होतं. पहिल्यांदा नापास झाल्यापासून कपिलाबेननी ती खोली तपासनीसासाठी राखून ठेवली होती. तपासनीस कधी येणार ते सांगत नाही, पण मोटेलवाली बाई त्याला ओळखते: एकटा माणूस, कडक इस्त्री, भाड्याची गाडी, कसलीही तक्रार नाही. तसा कोणी आला की एकशे एक द्यायची. नवा गालिचा, नव्या चादरी, रोज झाडलोट. बाकीच्या खोल्यांचं काय ते देव बघेल. हा शहाणपणा मी आपल्या लोकांत प्रत्येक दुसऱ्या मोटेलात पाहिलाय. आणि त्यामुळेच, ज्याला घात करायचा होता त्याला खोली शोधावी लागली नाही.

झाडलोट करणारी लोरीन मागच्या पायरीवर सिगारेट ओढत बसली होती. ती इथे इतकी वर्षं आहे की तिला ढोकळ्यातलं मीठ कमी पडलेलं कळतं.

"हे बघ हनी," ती म्हणाली, "त्या दिवशी सकाळी मी गादी उलटी केली होती. उलटी! एक केससुद्धा नव्हता. संध्याकाळी तो इस्त्रीवाला येतो आणि म्हणतो ढेकूण. म्हणजे मधेच कोणीतरी सोडले. मी नाही. मला सोडायचेच असते तर माझ्या नवऱ्याच्या पलंगात सोडले असते."

"मधल्या वेळात कोण कोण आलं होतं?"

"जेवणानंतर पाऊस धो धो. प्रग्नेश दूध घेऊन आला. कंपनीचा तो डॅरिल पूल डोनट घेऊन आला आणि सगळीकडे हिंडला. आणि फाल्गुनी, बेनची मुलगी, आईला डबा द्यायला. दर आठवड्याला येते."

"किल्ली?"

"काउंटरमागच्या खणात. तिघंही काउंटरमागे जातात-येतात, घरचं असल्यासारखे."

"कॅमेरा?"

ती हसली. "मागच्या अंगाचा नुसता डबा आहे. आत वायर नाही. ते इथल्या मांजरालाही माहितीये."

मागच्या अंगाला सांडपाण्याचा पाइप बदलायला खणलं होतं. अलाबामाची लाल माती. एकदा लागली की कपडा फाटतो, डाग जात नाही. समोरून गाडी लावणाऱ्याचे पाय कोरडे राहतात. नजर चुकवून मागून येणाऱ्याला तो चिखल तुडवावाच लागतो. आणि एकशे एकच्या दाराशी, पांढऱ्या रंगवलेल्या सिमेंटवर, पुसट लाल डाग होते.

"हे घासलंय कोणीतरी," मी म्हणालो.

"मीच. ब्लीच ओतून, दोनदा. नाही निघालं."

"पुरावा आहे हा, बाई! कोणी सांगितलं तुला घासायला?"

लोरीनने सिगारेट पायाखाली विझवली आणि ऑफिसच्या दाराकडे मान केली.

"बेननीच. तपासनीस जायच्या आत."

३

जिचं सगळं जाणार होतं तीच पुरावा पुसत होती. हे काही माझ्या डोक्यात बसेना. मोटेल जाळून विम्याचे पैसे उचलणारे मी खूप पाहिले, पण इथे नापास होऊन कपिलाबेनना काय मिळणार होतं? शेजारी दुसरा विलोलॅम्प आणि रिकामं पार्किंग.

मी गुडघे धरून डागांपाशी बसलो. बसणं सोपं होतं, उठणं नाही. मागच्या अंगाकडून बुटांच्या ठशांची एक रांग आली होती, दारापर्यंत. ब्लीचने कडा इतक्या पसरल्या होत्या की माप लागत नव्हतं. दाराच्या बाजूला, भिंतीलगत, दोन बुटांचे ठसे शेजारी शेजारी, टोकं भिंतीकडे. आणि त्यांच्यावरच किंचित सरकून आणखी दोन, त्याच बुटांचे, पण टोकं बाहेर रस्त्याकडे. जणू कोणी भिंतीला नाक लावून उभं राहिलं आणि मग जागच्या जागी पाठमोरं झालं.

असं कोण उभं राहतं? शाळेत शिक्षा झालेला पोरगा.

दार उघडून आत पाहिलं. फिक्कट रंगाचा नवा गालिचा. ढेकूण मारायचा फवारा मारून खोली बंद ठेवली होती, वास नाकात बसला. पण गालिच्यावर लाल मातीचा एक ठिपकाही नव्हता.

तिथून प्रग्नेशकडे गेलो. तो कपिलाबेनच्या नणंदेचा मुलगा. पलीकडच्या गल्लीत त्याचं दुसऱ्या कंपनीच्या पाटीचं मोटेल. मामी आणि भाचा महामार्गाच्या एकाच उताराला गिऱ्हाईक खेचणार, म्हणजे भांडणं ठरलेलीच. समोरच्या जमिनीचा अर्जदार हाच, असं गावात सगळे धरून चालले होते.

तो शिडीवर चढून दिवा बदलत होता. खाली न उतरताच म्हणाला, "या काका. बेड्या आणल्यात?"

"आधी खाली उतर."

"मंदिरात काल रमणभाईंनी मला प्रसाद दिला तो सुद्धा असा लांबून. माझ्या बायकोला कोणी ओटीवर बसवून घेत नाही. मामीने माझं लग्न लावलंय, काका. मी तिच्या गादीत ढेकूण सोडीन?"

"त्या दिवशी मागून आलास का?"

"मी नेहमीच मागून येतो, जवळ पडतं. दूध ठेवलं, मामीला म्हटलं तो नळ मी बघतो, आणि निघालो."

मी त्याच्या पायांकडे पाहिलं. जाड तळव्याचे बूट, लाल चिखलाने माखलेले. त्याच्या ऑफिसच्या गालिच्यावर शिडीपर्यंत त्याच बुटांचे ठसे होते.

"तुझ्या मोटेलात फिरताना बूट काढत नाहीस?"

तो असा हसला की शिडी हलली. "भाड्याच्या खोलीत अनवाणी? काका, मोटेलवाला आहे मी. त्या गालिच्यावर कोणी काय काय सांडलंय ते मला विचारा. घरात शिरताना बूट बाहेर, पण भाड्याच्या खोलीत झोपेतसुद्धा उघडा पाय टेकवणार नाही. मला काय ढेकूण चावून घ्यायचेत?"

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं. तो खाली उतरला आणि हळूच विचारलं, "मामी काय म्हणते? मीच केलं म्हणते?"

"ती म्हणते तू नाही केलंस. शपथेवर सांगावं तसं म्हणते."

"तिला कसं ठाऊक?"

मलाही तेच विचारायचं होतं.

४

डॅरिल पूल कंपनीसाठी नव्या पाट्या विकतो. गुळगुळीत चेहरा, हात मिळवताना दुसरा हात खांद्यावर. जितकी नवी हॉटेलं, तितकी त्याची बढती. तो मला कॉफीच्या दुकानात भेटला.

"मिसेस भक्ता मला आईसारख्या आहेत," तो म्हणाला.

"तुमची आई कुठे असते?"

"वृद्धाश्रमात. का?"

मी विषय बदलला. "समोरच्या जमिनीचा अर्जदार कोण?"

"ते सांगता येत नाही."

"तपासनीस या भागात आलाय हे अर्जदाराला कोणी सांगितलं?"

त्याने कपात बघितलं. "बोलता बोलता कोणी काही बोललं असेल. माणसं बोलतात. पण ढेकूण? मिस्टर टिपणीस, मी नुसतं थांबलो असतो तरी चाललं असतं. तुमची ही जुनी मोटेलं आपोआपच नापास होतात."

हे त्याने इतक्या सहज म्हटलं की मला राग येण्याआधी थकवा आला. खोटंही नव्हतं ते. मी त्याच्या बुटांकडे पाहिलं. चकचकीत, टोकदार. हा माणूस देवाच्या गाभाऱ्यातही असाच शिरेल, दोष न वाटता.

फाल्गुनी मला तिच्या आईच्याच ऑफिसात भेटली. ती शहरात राहते, नवरा केतन, त्यांची चार हॉटेलं, सगळी वेगवेगळ्या पाट्यांची. मी तिला फ्रॉकात पाहिलेलं. आता केसांत पांढरं दिसत होतं आणि पायांत कोरे करकरीत पांढरे बूट.

"काका, तुम्ही दमलात," ती म्हणाली आणि मला खुर्ची दिली. "बा काय म्हणाली?"

"बॅगेतून आले म्हणाली."

"तेवढंच? आणखी काही नाही?"

"नाही. तू त्या दिवशी आली होतीस ना?"

"डबा दिला, थोडी बसले, निघाले. पाऊस होता." तिने काउंटरवरच्या घंटेची जागा उगाच बदलली. "काका, सोडून द्या ना हे सगळं. बा आता दमलीये. मी तिला माझ्याकडे घेऊन जाते. पप्पा गेल्यापासून ती एक दिवस बाहेर पडलेली नाही."

"एकशे एक तुझ्या लहानपणीची ना?"

तिचा चेहरा एकदम उजळला. "तुम्हाला आठवतं? आम्ही तिघं तिथेच राहायचो. मोटेल घेतलं तेव्हा पप्पांनी पहिल्यांदा त्या खोलीत कलश ठेवला. कपाटात देव, खाली माझी पुस्तकं. रात्री गिऱ्हाईक आलं की पप्पा पँट चढवत धावायचे. मागे घर बांधलं तेव्हा देव तिकडे नेले, मी कॉलेजात होते. प्रग्नेश त्यानंतर आला, तो एकशे चौदात राहायचा."

मग ती पुन्हा म्हणाली, "बा खरंच आणखी काही म्हणाली नाही?"

आईने काय सांगितलं याची तिला इतकी चिंता का पडावी, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारायला हवा होता. पण माझी पाठ दुखत होती आणि थेपल्यांचा वास येत होता.

५

कपिलाबेननी थेपले बांधून दिले. दोन दिवसांनी अपिलाची मुदत संपत होती आणि माझ्या हातात काही नव्हतं. मी त्यांना तसं सांगितलं.

"चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "थोडं लोणचं पण न्या."

"बेन, काही निघालं नाही तर तीन मैल जातील. सहा महिन्यांत समोर इमारत उभी राहील. तुम्हाला कळतंय ना?"

"मला धंदा तुम्ही शिकवणार?" त्या हसल्या, पण डोळे हसले नाहीत.

मी निघायला दारात आलो. येताना मागचा खड्डा बघून आलो होतो, त्यामुळे माझ्या बुटांना चिखल होता. आत शिरताना मी ते काढले होते तसेच, टोकं भिंतीकडे. आता ते वळवलेले होते. आणि त्यांच्याखाली, दारातल्या पांढऱ्या फरशीवर, बुटांचे दोन जोड उमटले होते. एक भिंतीकडे तोंड केलेला, एक बाहेर.

मी लोणच्याची बाटली हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

एकशे एकच्या दाराशी कोणीही भिंतीला नाक लावून उभं नव्हतं. त्या बुटांत पायच नव्हते. कोणीतरी बूट काढून आत गेलं, आणि दुसऱ्या कोणीतरी ते वळवून ठेवले.

आता पुढचं सगळं पत्त्यांच्या जोडीसारखं लागत गेलं. चिखल दिसू नये म्हणून चोराने बूट काढले असतील? मग तो ते काखेत मारून आत नेईल. चोरून काम करणारा माणूस दाराबाहेर बूट ठेवून मी आत आहे अशी दवंडी पिटत नाही. हे बूट विचार करून काढलेले नव्हते. सवयीने निघाले होते. डॅरिल काढणार नाही. लोरीन बूट घालूनच सगळ्या खोल्या झाडते. आणि प्रग्नेश म्हणाला तेच खरं, मोटेलवाला माणूस भाड्याच्या खोलीत मेला तरी अनवाणी जाणार नाही. ज्याला ती खोली भाड्याची वाटतच नाही, तोच जाईल. ज्याच्या लेखी त्या कपाटात अजून देव आहेत.

अशी माणसं तीन. त्यातला एक, कपिलाबेनचा नवरा, फोटोत हार घालून बसलेला. दुसऱ्या कपिलाबेन, त्यांनी बूट वळवले. वळवणारे हात त्यांचेच, दुसऱ्या कोणाचे असूच शकत नव्हते. म्हणजे काढणारे पाय उरले ते एकाच माणसाचे.

हात घात करायला गेले होते. पाय मात्र देवघरात शिरले होते.

मी मागे वळलो. कपिलाबेन माझ्याकडे नाही, फरशीवरच्या त्या चार ठशांकडे बघत होत्या.

"टिपणीसभाई," त्या म्हणाल्या, "उद्या फाल्गुनी खिचडी खायला येणार आहे. उद्या तुम्ही येऊ नका."

६

मी गेलो. न जाता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

दुपारची वेळ. कढी उकळत होती. फाल्गुनी आली, दारात पांढरे बूट काढले. कपिलाबेन पळी ठेवून वाकल्या, बूट वळवले आणि पुन्हा कढीपाशी गेल्या. फाल्गुनी त्या बुटांकडे बघत उंबऱ्यातच राहिली.

"बेन," मी म्हणालो, "त्या दिवशी एकशे एकच्या बाहेरचे बूट तुम्हीच वळवलेत."

"सवय आहे."

"कोणाचे आहेत ते ओळखलं होतंत?"

उत्तर फाल्गुनीने दिलं. "ओळखले होते. मी बाहेर आले तर बूट वळवून ठेवलेले. म्हटलं बाला कळलं. आता ती बोलेल, आज बोलेल, उद्या बोलेल. मी दर आठवड्याला येते, ती खिचडी वाढते, तूप घालते, काही बोलत नाही." ती आईकडे वळली. "बा, मारायचंस तरी मला! तुला ठाऊक होतं मी आत काय करतेय, आणि तू बूट वळवून निघून गेलीस?"

कपिलाबेननी गॅस बंद केला.

"मला काय ठाऊक?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, बापाची आठवण आली म्हणून आत जाऊन बसलीये. तो गेला तेव्हा तू अशीच तिथे जाऊन बसायचीस. म्हणून मी दार वाजवलं नाही. म्हटलं, बसू दे पोरीला."

मला माझ्या चपखल तर्काची लाज वाटली. चार ठसे मी वाचले, पण त्या वाकण्यातली माया मला दिसली नव्हती.

"संध्याकाळी तो माणूस गादी दाखवायला आला, तेव्हा कळलं," कपिलाबेन म्हणाल्या.

फाल्गुनी खाली बसली. जमीन केतनने घेतली होती, त्याच्या भावाचा पैसा गुंतला होता, बँक मागे लागली होती. डॅरिलने कानात सांगितलं होतं की तपासनीस या आठवड्यात येतोय. ढेकूण तिच्याच एका हॉटेलातून आले. या धंद्यात ते शोधायला लांब जावं लागत नाही.

"आईला विचारायचंस," मी म्हणालो. "तिने सही दिली असती तर कंपनी तीन मैलांत परवानगी देते."

"दिलीच असती! तेच तर!" ती ओरडली. "तिने हो म्हटलं असतं, आणि मग मी चौथ्या मजल्यावरून रोज तिचं रिकामं पार्किंग बघितलं असतं. मी मागितलं म्हणून ती बुडाली असती. नियमाने गेलं असतं तर दोष कोणाचाच नव्हता. कंपनीने घेतलं, संपलं. मी तिला घरी नेलं असतं."

"तीन मैल मी कोणासाठी राखले गं?" कपिलाबेन शांतपणे म्हणाल्या. "माझ्यासाठी? माझे गुडघे काउंटरपासून चहाच्या आधणापर्यंत जात नाहीत. केतनची चार हॉटेलं बँकेची आहेत. म्हटलं, पोरीचं स्वतःचं एक असावं. दिवाळीला तुझ्या नावावर करणार होते."

फाल्गुनीने तोंड दोन्ही हातांत लपवलं. ती स्वतःच्याच घरात चोरी करून गेली होती.

कपिलाबेन माझ्याकडे वळल्या. "तुम्ही लिहा, बॅगेतून आले."

"लिहितो. पण मग जन्मभर संशय प्रग्नेशवर राहील. त्याला मंदिरात लांबून प्रसाद मिळतो, ठाऊक आहे?"

हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी ओट्याला हात टेकला. एका हाताला मुलगी, दुसऱ्याला भाचा, आणि मधे ही थकलेली बाई. तिने कोणाकडे बघावं? मी असल्या वेळी नेहमी खिडकीबाहेर बघतो. पलीकडे महामार्ग, त्यापलीकडे ती खणलेली लाल जमीन.

"माझं नाव लिहा, काका," फाल्गुनी म्हणाली.

"नाही लिहायचं," कपिलाबेन म्हणाल्या.

पण तिने फोन लावला होता. समोर डॅरिलचा गोड आवाज. तिने त्याला सगळं सांगितलं, एका दमात, रडू न देता. आमचा अर्ज मागे. ढेकूण मी सोडले. हो, मीच. हो, नवऱ्याला मी सांगेन. मग तिने प्रग्नेशला लावला, आणि तेव्हा मात्र तिला बोलता येईना. फोन कपिलाबेननी घेतला. "दूध संपलंय," एवढंच म्हणाल्या. "ये. पुढच्या दारानं ये."

शेरा रद्द झाला. तीन मैल राहिले. केतनने त्यापायी काय काय ऐकवलं, ते मी विचारलं नाही.

पण त्या दुपारचं एवढंच सांगायचं राहिलं. खिचडी कोणीच खाल्ली नाही. कपिलाबेननी किल्ली घेतली आणि आम्ही तिघं एकशे एकपाशी गेलो. खिडक्या उघडून वास जाऊ द्यायचा होता. त्यांनी दाराबाहेर चपला काढल्या आणि आत जाऊन रिकाम्या कपाटासमोर उभ्या राहिल्या. फाल्गुनी त्यांच्यामागे आली ती दारापर्यंतच. तिने वाकून आईच्या चपला उचलल्या, टोकं बाहेर करून, नीट जोडून ठेवल्या. आत मात्र ती गेली नाही. आईने आतून दोनदा हाक मारली, तरी.